लेसरमधली आडवी रेघ

बोलक्या माणसांकडे किस्से जास्त असतात, असा एक गैरसमज आहे. बोलक्यांचे किस्से बोलण्यातच संपतात हो! साठतात ते न बोलणाऱ्यांकडे. दिवसभरात चारच वाक्यं कानावर पडली की चारही लक्षात राहतात. ओसाकातल्या आमच्या लॅबमध्ये मी चार वर्षं आहे, आणि माझ्याकडे आता इतका साठा झालाय की ठेवायला जागा नाही.

ऐकवणार कुणाला, हाच प्रश्न होता. मराठी मंडळी सगळी तिकडे तोक्योत, निशी-कसाईला. तिथे गणपती बसतो, हळदीकुंकू होतं, दुकानात मेतकूट मिळतं म्हणे. माझ्या स्टेशनच्या आसपास मराठी मंडळ काढायचं ठरवलं तर अध्यक्ष, सेक्रेटरी आणि रुसून बसलेला सभासद, तिन्ही मीच.

आम्ही लेसर बनवतो. सिनेमात भिंती कापतो तो नव्हे. आमचा लेसर म्हणजे रव्याच्या कणाएवढी चिप. चष्म्याच्या काडीत बसली पाहिजे, बॅटरी कमी खाल्ली पाहिजे आणि डोळ्यांसमोर नकाशा दाखवला पाहिजे. लाल सोपा आहे. निळा जमलाय. हिरवा मात्र हट्टी कार्टं आहे, आणि तो माझ्या वाट्याला आलाय. साताऱ्याला आईला हे फोनवर समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "रव्याएवढा कशाला? निदान साबुदाण्याएवढा तरी कर. दिसेल तरी!"

*

पहिला किस्सा क्लीनरूमचा. तिथे धुळीचा कण चालत नाही, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडाला मास्क, फक्त डोळे बाहेर. माझ्या शेजारच्या मशीनवर एक गृहस्थ असायचे. तीन महिने आम्ही रोज हातभर अंतरावर काम केलं. ते मान हलवायचे, मी मान हलवायची. बस.

एके दिवशी कँटीनमध्ये जागा नव्हती म्हणून एका अनोळखी, साठीच्या माणसासमोर बसले. आपली ओळख नाही, निदान रीत तरी पाळावी म्हणून उठून वाकले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "पहिल्यांदाच भेटतोय, मी मेधा."

तेही उठले, वाकले आणि दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड दिलं. मी वाचलं. नाकानिशी! माझ्या शेजारच्या मशीनचे नाकानिशी-सान!

"अहो, आपण रोज भेटतो!" मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही फार मनापासून वाकलात," ते म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.

त्या दिवसापासून मी त्यांची मेदा-सान. जपानी जिभेला 'ध' झेपत नाही. मराठीत मेद म्हणजे काय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

नाकानिशी-सान चाळीस वर्षं इथेच काढलेले जुने तंत्रज्ञ. निवृत्त होऊन पुन्हा त्याच खुर्चीवर बसलेले. एकदा माझ्या चिमट्यातून चिप उडाली. त्या बॅचमधली तेवढीच एक चांगली निघाली होती. माझा चेहरा मास्कच्या आत पांढराफटक. आमच्याकडे चिप हरवली तर माफीनामा लिहावा लागतो. स्वतःच्या हाताने, कारणासह.

अख्खं डिपार्टमेंट गुडघ्यावर आलं. टॉर्च फरशीला टेकवून, कण चमकतोय का ते बघत चार तास शोधलं. शेवटी नाकानिशी-सान टेबलाच्या पायाशी थांबले. "सापडली!"

मायक्रोस्कोपखाली धरली. चिपवर बारीक नंबर असतो. तो माझा नव्हता. नाकानिशी-सान बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ही माझी. अकरा वर्षांपूर्वीची."

माझी चिप शेवटपर्यंत सापडली नाही. मी माफीनामा लिहायला बसले. तेवढ्यात नाकानिशी-सान बॉसच्या केबिनमधून बाहेर आले. काय करायला गेले होते म्हणाल? आपला अकरा वर्षांपूर्वीचा माफीनामा परत मागायला!

*

चिप तयार झाली म्हणजे झालं असं नसतं. ती किती जगते ते बघावं लागतं. चाळीस चिप गरम कपाटात चालू करून ठेवायच्या आणि रोज सकाळी मोजायच्या. लॅबच्या भाषेत चिप बंद पडत नाही, ती मरते.

आईचा फोन नेमका त्याच वेळेला येतो. एकदा मी फोन कानाला लावून वहीत लिहीत होते आणि तोंडाने बोलत होते, "आज दोन मेले. सतरा नंबर शेवटच्या घटका मोजतोय."

"अगं बाई! कसली साथ आलीय तिकडे?" आई ओरडली.

तिला समजावता समजावता माझं मोजणं चुकलं. मग ती शांतपणे म्हणाली, "रोज चाळीस जणांची चौकशी करतेस तू. तुझी कोण करतं?"

मी म्हटलं, "तू करतेस की." ती म्हणाली, "मी साताऱ्यात आहे." खरं होतं. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधून निघाले की सोमवारी सकाळपर्यंत मी तोंडातून अवाक्षर काढायची नाही. कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातसुद्धा आता मशीनच पैसे घेतं. एका सोमवारी 'सुप्रभात' म्हणायला गेले तर घशातून आवाजच फुटला नाही. सर्दी झालीय असं सांगितलं.

*

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी घर बदललं. शेजारी ओकुदा-सान. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या, सगळा जन्म वॉर्ड ऑफिसात कारकुनी केलेल्या. आमच्या इमारतीत सूचनांची फाइल दारोदार फिरते. वाचली की शिक्का मारून पुढच्या घरी द्यायची. माझ्या हातात ती पहिल्यांदा आली तेव्हा सूचनेतलं एक अक्षर लाल पेनाने दुरुस्त केलेलं होतं आणि बाजूला ओकुदा-सानच्या नावाचा मसुराएवढा शिक्का आणि तारीख. कागदावर काही बदललं की असा शिक्का मारायचा, ही इथली पद्धत. पण टपालात आलेल्या जाहिरातीसुद्धा दुरुस्त करून त्यांवर शिक्के मारणाऱ्या ओकुदा-सान एकट्याच.

मे महिन्यात एकदा लिफ्टपाशी त्यांनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

मी घाईत म्हटलं, "रेझाऽ बनवते."

त्यांचे डोळे मोठे झाले. "हाताने?"

"बरंचसं हातानेच."

"अवघड असेल."

"हो ना! त्यातून हिरवा फार त्रास देतो."

"हिरव्याला गिऱ्हाईक असतं?"

"हिरव्यालाच तर मागणी आहे!"

दोनच दिवसांनी माझी बेल वाजली. बाहेर ओकुदा-सान, आणि हातात बंद तुटलेली तपकिरी पर्स. "यजमानांनी दिलेली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही रेझाऽचं काम करता म्हणालात. जरा बघाल का?"

आता घोटाळा कळला. जपानीत लेसरला म्हणतात रेऽझाऽ, आणि चामड्याला रेझाऽ! लिहिताना फरक एका आडव्या रेघेचा. 'रे' लांबवायचा असेल तर त्याच्यापुढे रेघ मारायची. मी रेघ खाल्ली होती.

माझी आई मराठीची शिक्षिका. ह्रस्व-दीर्घाचे अर्धे-अर्धे मार्क कापून तिने अर्धा सातारा रडवलाय. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मराठीत 'ए'ला ह्रस्व नसतोच. तुझं बरोबर आहे. चूक त्यांच्या भाषेची!"

पण दारात उभ्या असलेल्या ओकुदा-सानना मी काय सांगायला हवं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. 'नाही हो, मी लेसर बनवते, माफ करा.' एवढंच. मग त्या वाकल्या असत्या, पर्स घेऊन गेल्या असत्या आणि पुन्हा बेल वाजवायचं त्यांना काही कारणच उरलं नसतं. या देशात कुरियरवाल्याशिवाय कुणी माझी बेल पहिल्यांदाच वाजवत होतं. मी पर्स घेतली आणि म्हटलं, "बघते."

*

घेतली खरी, पण शिवणार कोण? इथे मला एक जुनी पार्टी आठवली.

लेसरची एक गंमत असते. करंट थोडा थोडा वाढवत नेला तरी तो नुसता मिणमिणतो. एका ठरावीक करंटला पोचला की एकदम झळकतो. त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. ऑफिसच्या पार्टीत नाकानिशी-सान असेच. पहिला ग्लास, गप्प. दुसरा ग्लास, गप्प. तिसऱ्याला एकदम सुरू! बॉसने पेपर नॅपकिनवर त्यांचा ग्राफच काढला होता. आडवा अक्ष बिअरचे ग्लास, उभा अक्ष मिनिटाला शब्द. थ्रेशोल्ड, अडीच ग्लास. बॉस म्हणाला, "आपल्या हिरव्यापेक्षा बरा आहे."

त्या दिवशी त्या तिसऱ्या ग्लासानंतर नाकानिशी-सान वीस मिनिटं एकाच विषयावर बोलले होते. शाळेतल्या पोरांचे बेसबॉलचे ग्लव्ह! चामड्याचे ते ग्लव्ह रविवारी घरी बसून ते शिवतात. बायको गेल्यापासून रविवार जात नाही, म्हणाले.

मी जेवणाच्या सुट्टीत ओकुदा-सानची पर्स त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळा घोटाळा सांगितला. ते हसले नाहीत. पर्स उलटसुलट केली, शिवणीवर बोट फिरवलं आणि बिअरचा थेंबही पोटात नसताना सलग अर्धा तास बोलले.

*

चार दिवसांत पर्स तयार. टाका असा की जुना कुठला नि नवा कुठला ते कळू नये. पण नाकानिशी-सान पडले लॅबचे माणूस. तपासणी केल्याशिवाय माल बाहेर कसा जाऊ द्यायचा? बंदाला पाच किलोचं वजन टांगून दहा मिनिटं ठेवलं आणि आमच्या टेस्ट रिपोर्टच्या छापील फॉर्मवर लिहिलं: 'नमुना, पर्स. संख्या, एक. दोष, आढळला नाही.' खाली सही, शिक्का. फॉर्मची नीट घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

ओकुदा-साननी पर्स खांद्याला लावून आरशात पाहिलं आणि मला आत बोलावलं. चहा झाला. भिंतीवर यजमानांचा फोटो आणि त्यांच्या पायाशी एक गलेलठ्ठ कुत्रा. "दोघं एकाच वर्षी गेले," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून घरात फक्त रेडिओ बोलतो."

मी घरी येऊन रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. वाईट वाटून नाही. अर्धा तास कुणीतरी माझ्याशी बोललं होतं.

जूनमध्ये चष्म्याचं घर आलं. ऑगस्टमध्ये यजमानांच्या घड्याळाचा पट्टा. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी मुळ्याचं लोणचं नाहीतर फळं. त्यातली निम्मी मी नाकानिशी-सानना पोचवायची. "तुमच्या कारखान्यात माणसं मनापासून काम करतात," ओकुदा-सान म्हणायच्या. मी मान खाली घालायची. जपानमध्ये ते नम्रपणात खपून जातं.

*

सप्टेंबरमध्ये आमचा हिरवा लागला! कमी करंटला, गरम न होता, हवा तसा. सगळे लॅबमध्ये धावले. आता गंमत ऐका. डोळे सांभाळायला गॉगल घालावा लागतो आणि हिरव्या लेसरचा गॉगल नेमका हिरवाच प्रकाश अडवतो. म्हणजे ज्याच्यासाठी इतकी वर्षं घासली तो समोर जळतोय आणि खोलीतल्या नऊ माणसांपैकी एकालाही दिसत नाहीये! मीटरच्या काट्याकडे बघून आम्ही 'बान्झाइ', म्हणजे आपलं 'जय हो', ओरडलो.

नाकानिशी-सान म्हणाले, "निळ्याच्या वेळीही असंच झालं होतं. मी तो नंतर दुकानात पाहिला."

*

नोव्हेंबरमध्ये कंपनीने घरच्यांना लॅब दाखवायचा दिवस ठेवला. पडद्यावर हिरवं चित्र पाडणार होते, गॉगल न लावता बघता येईल असं. प्रत्येकाला फॉर्म आला. 'येणाऱ्या कुटुंबीयांची नावं.'

मी दोन दिवस तो फॉर्म घेऊन बसले. मग लिहिलं, ओकुदा-सान. पण त्या आल्या तर काय बघणार? चामड्याचा एक तुकडा नाही सगळ्या इमारतीत! सहा महिने मी खोटं बोलले ते कळणार. त्या काही बोलणार नाहीत, छान हसतील, आणि पुढच्या महिन्यापासून बेल बंद. मी नाव खोडलं. बाजूला शिक्का मारला, तारीख घातली.

बॉसने फॉर्म पाहिला. "इथे काही खोडलंय."

"शिक्का मारलाय," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

त्या दिवशी सगळ्यांची बायकापोरं आली. मी आणि नाकानिशी-सान पडद्यापाशी उभे होतो, दोघंही एकटेच. दिवे बंद झाले आणि मी माझा हिरवा पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी पाहिला. कोवळ्या भाताच्या रोपासारखा हिरवा. शेजारी वळून कुणाला तरी 'बघ!' म्हणावं असा.

शेजारी नाकानिशी-सान होते. ते म्हणाले, "ओकुदा-सानना आणायला हवं होतं."

*

आता शेवटचा. हा या मार्चमधला आहे.

ओकुदा-सानची मुलगी नागोयाला असते. आई आता पडते-बिडते म्हणून तिने आपल्याकडे न्यायचं ठरवलं. आवराआवरीला मी गेले होते. मुलगी खाली टेम्पोवाल्याशी बोलत होती. ओकुदा-सान आतल्या खोलीतून म्हणाल्या, "मेदा-सान, फ्रिजवरचा कागद तेवढा काढा. तो मला न्यायचाय."

मी लोहचुंबक काढलं. अडीअडचणीला लागणाऱ्या फोन नंबरांची यादी होती, त्यांच्या सुबक अक्षरात. पहिली ओळ अग्निशमन दल. दुसरी डॉक्टर. तिसरी मुलगी. चौथी ओळ: '४०२, मेदा-सान, रेझाऽ.'

मात्र 'रे' आणि 'झा' यांच्यामध्ये, जागा नसताना कशीबशी घुसवलेली, लाल पेनाने मारलेली एक आडवी रेघ होती.

रेघेच्या डोक्यावर मसुराएवढा शिक्का आणि तारीख. तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली. पर्स मी मेमध्येच परत केली होती. चष्म्याचं घर त्यांनी आणलं ते जूनमध्ये.

मला तो टेस्ट रिपोर्ट आठवला. आमच्या प्रत्येक छापील फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरांत विभागाचं नाव असतं. 'दृश्य लेसर विकास विभाग.' जाहिरातींतल्या चुका काढणारी बाई तो वाचायचं कशी सोडेल?

"सापडला का?" मागून आवाज आला.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो न बघता घडी करून पर्समध्ये ठेवला. त्याच पर्समध्ये. मग दुसऱ्या हातातली वस्तू पुढे केली. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा होता, वाळून तडकलेला.

"मेदा-सान, एवढं शेवटचं रेझाऽचं काम आहे," त्या म्हणाल्या. 'रे' अगदी आखूड. "जरा बघाल का? घाई नाही. झाला की नागोयाला घेऊन या. शिंकान्सेन गाडीने तासभराची वाट आहे. आणि ते शिवतात ना, त्यांनाही आणा."

मी पट्टा घेतला. उलटसुलट करून पाहिला.

"हिरवा दोरा चालेल?" मी विचारलं.

"हिरव्यालाच तर मागणी आहे," ओकुदा-सान म्हणाल्या.